‘व्हिटिस’ला मराठीत काय लिहायचं? द्राक्ष, वेल की छडी?

वेलांटी
फळबाग प्रशिक्षणवर्गासाठी लॅटिन-मराठी शब्दसूची करते आहे. ‘व्हिटिस’पाशी गाडी अडली आहे. व्हिटिस व्हिनिफेरा म्हणजे द्राक्ष, तेव्हा ‘व्हिटिस = द्राक्ष’ लिहून पुढे जाणार होते. पण डॉगरिज खुंटाच्या (ज्याच्या मुळांवर द्राक्षाचं कलम चढवतात त्या रोपाच्या) पट्टीवर ‘व्हिटिस चॅम्पिनाय’ असतं, आणि डॉगरिजचे घड बाजारात कुणी पाहिलेत? जुन्या औषधी वनस्पतींच्या पुस्तकांत कांडवेलीपुढे ‘व्हिटिस क्वाड्रँग्युलॅरिस’ छापलेलं असतं. स्वीडनच्या लालचुटुक जॅमच्या बरणीवर ‘व्हॅक्सिनियम व्हिटिस-इडिया’, आणि आत द्राक्षाचा मागमूस नाही. कहर म्हणजे रोमन सैन्यात व्हिटिस ही चक्क मारायची काठी. सूचीत एका ओळीची जागा आहे. काय लिहू?

मांडवकर
द्राक्ष लिहा आणि पुढच्या नोंदीला लागा. एवढा काथ्याकूट कशाला?

लॅटिनलोचन
मांडवकर, गोची तिथेच आहे. मराठीत ‘द्राक्ष लावली’ आणि ‘द्राक्ष खाल्लं’ दोन्हीला एकच शब्द चालतो. रोमन माणसाकडे प्रत्येकाला वेगळं नाव होतं. व्हिटिस म्हणजे झाड, त्याचं खोड, त्याची काडी. उव्हा म्हणजे फळ किंवा घड. आसिनुस म्हणजे एकटा मणी. व्हिनुम म्हणजे त्याची दारू. व्हिनेआ म्हणजे बाग. व्हिटिस कुणी खात नसे, ती छाटत, बांधत आणि कलम करत.

शब्दाचं मूळ वळणे, पिळणे, विणणे या अर्थाच्या धातूत आहे. टोपल्या विणायच्या लवचीक फोकांना ‘व्हिमेन’ म्हणत, तेही त्याच घरातलं. म्हणजे व्हिटिसमध्ये आधी वळण आहे, फळ नंतर.

सातबारा
उच्चार व्हिटिस की वीटिस?

लॅटिनलोचन
सिसेरोच्या काळात ‘वीटिस’च्या जवळ, पहिला स्वर दीर्घ. रोपवाटिकेत मात्र व्हिटिसच म्हणा, नाहीतर विटी-दांडूचं सामान समजून कुणीतरी बिल करेल.

गडकोट
काठीबद्दल. सेंच्युरियन म्हणजे नावाप्रमाणे शंभरांचा, प्रत्यक्षात साधारण ८० जणांचा अधिकारी. द्राक्षवेलीच्या जुन्या लाकडाची काठी हे त्याच्या हुद्द्याचं चिन्ह, आणि तिचं नावच व्हिटिस. ‘व्हिटिस मागणे’ म्हणजे सेंच्युरियनपदासाठी अर्ज करणे. बॉनच्या संग्रहालयात मार्कुस काएलिउस या सेंच्युरियनचं स्मारक आहे. इ.स. ९ मध्ये रोमन सेनापती वारुसची फौज जर्मनीच्या जंगलात कापली गेली, त्यात हा गेला. त्याच्या छातीवर पदकांची रांग आहे आणि हातात हीच काठी. इंग्लंडमध्ये कोल्चेस्टरला फासिलिस नावाच्या सेंच्युरियनच्या थडग्यावरही ती दिसते.

ती नुसती मिरवायला नव्हती. इ.स. १४ मध्ये पॅनोनियात सैन्याने बंड केलं, तेव्हा लुसिलिउस नावाचा सेंच्युरियन मारला गेला. शिपायांनी त्याचं नाव ‘केडो आल्तेराम’ पाडलं होतं, म्हणजे ‘दुसरी आण’. पाठीवर एक काठी मोडली की तो ओरडून दुसरी मागवायचा, ती मोडली की तिसरी. रोमन इतिहासकार टॅसिटसने हे नावानिशी नोंदवलंय.

मांडवकर
म्हणजे त्यांच्याकडे छाटणीचा माल वाया जात नव्हता. =))

पाटीपेन्सिल
आमच्याकडच्या मास्तरांची ‘केडो आल्तेराम’ निरगुडीची असायची.

गडकोट
पाटीपेन्सिल, रोमन अधिकाऱ्यांना त्यात एक सोयही होती. रोमन नागरिकाला दंडुक्याने मारणं कमीपणाचं. इ.स.पू. १३४ मध्ये स्पेनमधल्या न्युमान्शियाच्या वेढ्यात रोमन सेनापती स्किपिओने शिस्त लावली तेव्हा रांग सोडणारा शिपाई रोमन असेल तर त्याला व्हिटिसने आणि परका असेल तर साध्या दंडुक्याने फटके दिले. रोमन लेखक प्लिनी तर लिहितो की ही वेल शिक्षेलाही मान मिळवून देते. मार तोच, काठी इभ्रतीची!

कलमबहाद्दर
काठीवरून काडीवर येतो, कारण वेलांटीताईंची सूची बागवाल्यांसाठी आहे.

रोमन लोक व्हिटिसचं कलम कसं करायचे हे रोमन लेखक केटोने इ.स.पू. दुसऱ्या शतकात लिहून ठेवलंय. वेल आडवी कापायची, बरोबर मधून गाभ्यातून चिरायची, टोक तासलेली काडी आत बसवायची, ‘गाभ्याला गाभा’ लावायचा. वर चिकणमाती किंवा खडूमाती, थोडी वाळू आणि गाईबैलांचं शेण एकत्र मळून थापायचं, चिकट होईपर्यंत मळायचं. पाचर कलमच झालं. आज आपण डॉगरिजवर थॉमसन किंवा सोनाका या द्राक्षजाती चढवतो तेव्हा हेच करतो, फक्त शेणाऐवजी प्लॅस्टिकची पट्टी.

एक गोष्ट मात्र केटोची चालत नाही. गाभा जुळवून कलम जुळत नाही. सालीच्या आत जो हिरवट, ओलसर पातळ थर असतो तो दोन्हीकडचा भिडावा लागतो, नव्या पेशी तिथेच तयार होतात. खुंट आणि काडी सारख्याच जाडीची असेल तर गाभ्याला गाभा लावला की साली आपोआप जुळतात, म्हणून केटोचं निभावलं असेल. काडी बारीक असेल तर मधोमध बसवू नका. एका बाजूला सरकवा, म्हणजे निदान एका कडेला साल सालीला लागेल. मधोमध बसवलेली बारीक काडी साठवलेल्या अन्नावर फुटते, पंधरवडाभर हिरवी दिसते आणि मग माना टाकते. मजूर म्हणतात ‘कलम लागलं होतं, उन्हाने गेलं’. ते लागलेलंच नसतं.

नवशी_बाग
@कलमबहाद्दर, मापं दिलीत तर बरं होईल.

कलमबहाद्दर
जागेवरच्या कलमाची: खुंटाची रोपं जानेवारी-फेब्रुवारीत लावलेली, पावसाळ्यात एकच जोमदार फूट सरळ बांबूवर नेलेली. ऑगस्टच्या मध्यापासून सप्टेंबरअखेर कलम. खुंटाची काडी पेन्सिलीएवढी, ८ ते १० मिमी. जमिनीपासून एक-दीड फुटावर आडवा काप, मग ४-५ सेंमी चीर. वरच्या जातीची काडी पिकलेली, तपकिरी, त्याच जाडीची, दोन डोळ्यांची (अंकुर फुटायच्या जागांची). पाचरीचे दोन्ही उतार एकेका ओढीत कापायचे. चाकू दोनदा फिरला की पृष्ठभाग लाटेसारखा होतो आणि मध्ये हवा राहते. दोनेक सेंमी रुंद पट्टी खालून वर ताणून गुंडाळायची, म्हणजे पावसाचं पाणी आत ओघळत नाही. डोळे १५-२० दिवसांत फुटतात. खुंटाला खालून येणारी फूट दर आठवड्याला खुडायची, नाहीतर डॉगरिज आपलंच घर भरतो. ऑक्टोबरच्या मध्यानंतर रात्री गार व्हायला लागल्या की जुळणं मंदावतं, उशिराची कलमं तिथे मार खातात.

कुऱ्हाडीचा_दांडा
खुंटातून पाणी वाहत असेल तर?

कलमबहाद्दर
तर थांबा. मुळांच्या दाबाने येणारं पाणी पाचर सैल करतं. दोन दिवस आधी ठिबक बंद ठेवा. केटोनेही दोन हंगाम सांगून फुलोऱ्यातला उत्तम म्हटलाय, वसंतातला नाही. कारण त्याने लिहिलेलं नाही, पण वसंतात छाटलेली वेल रडते आणि पानं आली की थांबते.

लॅटिनलोचन
आणि त्या वाक्यात केटोचे शब्द बघा: कलम ‘व्हिटिस’चं, फुलते मात्र ‘उव्हा’. मांडवकर, वाचताय ना?

मांडवकर
वाचतोय. पण डॉगरिजपण द्राक्षच आहे हो. त्याला भोपळे लागतात का?

पर्णहरित
लागतात द्राक्षंच, काळी, लहान, जाड सालीची. मांडवकर अर्धे बरोबर आहेत. वनस्पतिशास्त्रात व्हिटिस ही प्रजाती (जीनस) स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनेअसने १७५३ मध्ये पक्की केली. तिच्यात साठेक जाती आहेत, बहुतेक उत्तर अमेरिका आणि पूर्व आशियातल्या. खाण्याची, मनुक्यांची, वाइनची बहुतांश द्राक्षं एकट्या व्हिनिफेराची. बाकीच्या आपल्याला मुळांसाठी हव्या असतात.

कारण फिलोक्सेरा. मुळांवर जगणारी ही बारीक कीड अमेरिकेतून फ्रान्सला पोचली आणि १८६० च्या दशकापासून बागा वाळायला लागल्या. व्हिनिफेराच्या मुळाला ती चावली की गाठ येते आणि मूळ सडतं. अमेरिकी जाती तिच्यासोबतच वाढलेल्या, त्यांची मुळं तग धरतात. म्हणून खाली अमेरिकी व्हिटिस, वर युरोपी व्हिटिस.

पण कुठलीही अमेरिकी जात चालत नाही. रिपारिया आणि रुपेस्ट्रिसच्या काड्यांना मुळ्या झटपट फुटतात, पण चुनखडीच्या जमिनीत पानं पिवळी पडतात. बर्लांडिएरी चुना सोसते, पण तिच्या काडीला मुळ्या फुटता फुटत नाहीत. म्हणून संकर केले. ११० आर हा बर्लांडिएरी आणि रुपेस्ट्रिसचा, एसओ-४ हा बर्लांडिएरी आणि रिपारियाचा. डॉगरिज मात्र चॅम्पिनाय गटातला, मूळचा टेक्सासकडचा. आपल्याकडे तो फिलोक्सेरापेक्षा खारं पाणी आणि दुष्काळ यांच्यासाठी आला.

चुनखडी
११० आर की डॉगरिज यावर वेगळा धागा काढा बुवा, इथे हाणामारी होईल.

सातबारा
काढायला कशाला हवा? हलक्या जमिनीत, कमी पाण्यात डॉगरिज. भारी काळ्या जमिनीत डॉगरिज नको, नुसती पानं मोजत बसाल.

चुनखडी
झाली सुरुवात.

पर्णहरित
भांडण बाजूला ठेवून सातबारांचा मुद्दा पुढे नेते, कारण तो व्हिटिसच्या मूळ अर्थाशी जाऊन भिडतो. द्राक्षाच्या डोळ्यात जो अंकुर असतो तो आधी ठरलेला नसतो. त्याचा घडही होऊ शकतो आणि बाळीही (तारेला वळसे घालणारा तंतू). दोन्ही एकाच अवयवाची रूपं. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर (नव्या काड्यांसाठी करतात ती) साधारण पाचव्या आठवड्यापासून पुढे महिनाभरात हे ठरतं. तेव्हा काडीवर ऊन पडलं आणि वाढ आवरलेली असली तर घड. सावली, ढगाळ हवा, जास्त नत्र, जास्त पाणी असेल तर बाळी. डॉगरिजचा जोम भारी जमिनीत नेमका तेव्हाच उसळतो.

म्हणून त्या दिवसांत नत्र आणि पाणी आखडतं घ्यायचं, शेंडा सात पानांवर मारून सबकेन (बाजूची उपकाडी) घ्यायची, गर्दीच्या काड्या काढून टाकायच्या. मांडवाखाली दुपारी उभं राहिलं की जमिनीवर उन्हाचे कवडसे दिसले पाहिजेत. सगळी जमीन काळी दिसली तर ऑक्टोबरच्या फळछाटणीनंतर बाळ्याच बाळ्या निघणार.

कुऱ्हाडीचा_दांडा
ऑक्टोबरात घड जिरला (घडाची बाळी झाली) की दुकानदार फवारा देतो. चूक एप्रिल-मेची, औषध ऑक्टोबरात.

फिटरआप्पा
बाळीचं नाव निघालं म्हणून आलो. वर्कशॉपात बाकाला बोल्टने आवळलेला, काम जबड्यात पकडणारा व्हाइस असतो ना, तो शब्दही याच व्हिटिसचा. द्राक्षाची बाळी गोल गोल वळते, त्यावरून इटालियनमध्ये ‘व्हिते’ म्हणजे द्राक्षवेल आणि स्क्रू, दोन्ही. जुन्या फ्रेंचमध्ये ‘व्हिस’ म्हणजे स्क्रू आणि गोल जिनाही. तिथून इंग्रजी व्हाइस. म्हणजे नाव जबड्याचं नसून आतल्या स्क्रूचं आहे.

शिकाऊ पोरांनी हे एवढ्यासाठी लक्षात ठेवावं की व्हाइस मरतो तो स्क्रूकडून. स्पिंडलला (म्हणजे त्या स्क्रूला) चौकोनी आटे असतात, व्ही आटे नसतात. चौकोनी आट्यात जोर सरळ स्पिंडलच्या दिशेने जातो. व्ही आट्यात तो बाजूला फाकतो, घर्षण वाढतं आणि नट फाकायला बघतो. फिरवायचा दांडा आखूड ठेवलेला असतो तो मुद्दाम, हाताच्या जोराएवढाच. त्याला पाइप घालून किंवा हातोड्याने ठोकून आवळलं की बॉक्स नटचे (स्पिंडल ज्यात फिरतो त्या नटचे) आटे सोलतात. मग दांडा अर्धा फेरा फिरतो तरी जबडा हलत नाही. तसं झालं की आधी नट बघा, स्पिंडल बहुधा धडधाकट असतो. तयार पृष्ठभागाचा जॉब पकडताना तांब्या-अ‍ॅल्युमिनियमचे क्लॅम्प जबड्यावर घाला, कडक जबड्याचे दाते उमटत नाहीत.

पर्णहरित
फिटरआप्पा, भारी माहिती! पण बाळीसारखा स्क्रू बनवलात तर तो कधीच आवळला जाणार नाही. बाळीने तार पकडली की तिची दोन्ही टोकं बांधली जातात. मग ती मधल्या एका जागेपासून अर्धी डावीकडे आणि अर्धी उजवीकडे वळते. तसं केल्याशिवाय पीळ बसूच शकत नाही. डार्विनने यावर सविस्तर लिहिलंय. स्क्रूला सगळे आटे एकाच दिशेने लागतात.

फिटरआप्पा
म्हणजे अर्धे उलटे आटे, अर्धे सुलटे. त्याला आम्ही टर्नबकल म्हणतो. मांडवाची तार ताणायला तोच लागतो. :)

मांडवकर
एक नंबर.

डॉ_खलबत्ता
वेलीचं नाव शरीरातही आहे, पण व्हिटिस नाही, ‘पाम्पिनुस’, म्हणजे कोवळी पानाबाळ्यांची फूट. वृषणाकडून येणाऱ्या शिरांच्या जाळ्याला पॅम्पिनिफॉर्म प्लेक्सस म्हणतात. ते रोहिणीला वेढून असतं आणि आत जाणारं गरम रक्त बाहेर येणाऱ्या थोड्या गार रक्ताजवळून जाताना निवतं. या शिरा फुगल्या की व्हेरिकोसील. तो बहुतेकदा डावीकडे, कारण डावी शीर मूत्रपिंडाच्या शिरेला काटकोनात मिळते.

कांडवेलीबद्दल एक विनंती. जुन्या नावावरून तिला ‘औषधी द्राक्ष’ म्हणून कच्ची खाऊ नका. रसातल्या ऑक्झलेटच्या स्फटिकांनी तोंड आणि घसा खाजतो. खाण्यात येते ती कोवळी कांडी चिंच घालून शिजवून.

वेलांटी
मग कांडवेल व्हिटिस होती की नव्हती?

पर्णहरित
नावापुरती होती. एकोणिसाव्या शतकातले बरेच अभ्यासक या कुळातल्या बहुतेक वेली व्हिटिसमध्येच कोंबत. कांडवेल आज सिसस क्वाड्रँग्युलॅरिस आहे. आंबटवेलही लिनेअसने व्हिटिस ट्रायफोलिया म्हणून घेतली होती, तीही बाहेर गेली. आपल्या जंगलातला गोलिंदा आता अँपेलोसिससमध्ये आहे.

ओळखायची खूण फुलात. भिंग घ्या आणि उमलायच्या बेतातली कळी बघा. व्हिटिसच्या पाच पाकळ्या टोकाला चिकटलेल्या असतात आणि खालून सुटून एकत्र टोपीसारख्या उडतात. ‘टोपी गळाली’ म्हणतात ते हेच. सिससला चार पाकळ्या, सुट्ट्या, एकेक करून उघडणाऱ्या. गोलिंद्याला पाच, पण सुट्ट्याच. फूल नसेल तर खोड बघा: कांडवेल चार धारांची, दर पेराला आवळलेली. द्राक्षाचं जुनं खोड गोल, साल लांब पट्ट्यांत सुटणारी.

द्राक्षाद्राक्षांतही बाळ्या मोजून फरक कळतो. व्हिनिफेराला दोन पेरांवर बाळी किंवा घड, तिसरं पेर रिकामं. लाब्रुस्का या अमेरिकी जातीला सलग प्रत्येक पेरावर. बंगळूर ब्ल्यू या वाणात लाब्रुस्काचं रक्त आहे, म्हणून त्याची साल दाबली की गर सटकन बाहेर येतो आणि तो विशिष्ट उग्र वास मिथाइल अँथ्रानिलेटचा. गंमत म्हणजे लाब्रुस्का हे रोमन लोकांचं इटलीतल्या रानद्राक्षाला दिलेलं नाव, लिनेअसने ते अमेरिकी वेलीला चिकटवलं.

नवशी_बाग
अमेरिकेतलं मस्कॅडाइन द्राक्ष?

पर्णहरित
रोटुंडिफोलिया. गुणसूत्रं ४०, बाकी व्हिटिसची ३८. बाळीला फाटा नाही, साल सुटत नाही. काही जण तिला वेगळ्याच प्रजातीत घालतात.

लॅटिनलोचन
स्वीडिश बरणी राहिली. व्हिटिस-इडिया म्हणजे ‘इडा डोंगराची वेल’. ते लिंगनबेरी, वेल नाही, गुडघ्याखालचं झुडूप, ब्लूबेरीच्या कुळातलं. रोमन आणि नंतरचे लोक मणी लागणाऱ्या किंवा चढणाऱ्या कशालाही विशेषण लावून व्हिटिस म्हणत. व्हिटिस आल्बा म्हणजे ‘पांढरी वेल’, ती ब्रायोनी, काकडीच्या कुळातली आणि विषारी. आपल्या मोरवेलीची युरोपी बहीण क्लेमॅटिस व्हिटाल्बा, तिच्या नावात हेच दोन शब्द जोडून बसलेत.

पाटीपेन्सिल
आणि निरगुडी? व्हायटेक्स नेगुंडो. व्हिटिसची कुणी?

लॅटिनलोचन
कुळाने काहीच नाही, ती तुळशी-सागाच्या कुळातली. पण व्हायटेक्स हा रोमन शब्द लवचीक फोकांच्या झुडपाचा, आणि तोही त्याच ‘विणणे’ घरातला मानतात. आपल्याकडे निरगुडीच्या फोकांच्या कणग्या विणतातच. सूचीत दोन्ही नोंदी शेजारी येतील, मुद्रितशोधन नीट करा.

गडकोट
व्हिनेआ शब्द वर आला म्हणून. वेढ्यात भिंतीपर्यंत पोचायला रोमन लोक जो सरकता मांडव वापरत, तोही व्हिनेआ. रोमन लेखक व्हेगेटिउसने मापं दिलीत: रुंदी ८ फूट, उंची ७, लांबी १६. हलक्या लाकडाचा सांगाडा, छत फळ्या आणि कुडाचं दुहेरी, बाजूंना विणलेले फोक, बाहेरून कच्ची ताजी कातडी, म्हणजे पेटत नाही. असे अनेक एकापुढे एक लावून बोळ करायचा आणि आतून भिंतीचा पाया उकरायचा. इ.स.पू. ५२ मध्ये सीझरने गॉलमधल्या (आजच्या फ्रान्समधल्या) अव्हारिकुमला हेच लावले.

मांडवकर
म्हणजे व्हिटिसवरून मांडव!

लॅटिनलोचन
व्हिटिसवरून नव्हे, व्हिनेआ व्हिनुमवरून आलाय. दिसायला मात्र मांडवच.

वेलांटी
सगळ्यांचे आभार. नोंद अशी केली आहे, बघा: ‘व्हिटिस (स्त्री.): द्राक्षवेल, फळ नव्हे. वनस्पतिशास्त्रात द्राक्षवेलींची प्रजाती. खुंटाच्या अमेरिकी जातीही यातच. जुन्या पुस्तकांत कांडवेल, आंबटवेल यांनाही.’ काठी आणि स्क्रू गाळले.

फिटरआप्पा
स्क्रू गाळल्याचा निषेध.

कलमबहाद्दर
नोंद चांगली आहे. रोपवाटिकेच्या दृष्टीने एक भर घाला: पट्टीवर नुसतं ‘व्हिटिस’ असेल तर रोप घेऊ नये. खुंटाचं नाव वेगळं आणि वरच्या जातीचं वेगळं असं दोन्ही लिहिलेलं हवं. ‘डॉगरिज’ एवढंच असेल तर ते बिनकलमी खुंटरोप आहे, त्यावर कलम तुम्हालाच करायचंय. ‘थॉमसन’ एवढंच असेल तर ते स्वतःच्या मुळांवरचं असू शकतं, खाऱ्या पाण्यावर ते तिसऱ्या-चौथ्या वर्षी पानांच्या कडा जाळायला लागतं. खात्री करायची तर जमिनीपासून दीड फुटापर्यंत खोडावरून बोट फिरवा. कलमाच्या जागी गाठ लागते, वर आणि खाली सालीचा पोत वेगळा असतो.

वेलांटी
घातली. ओळीची जागा संपली, आता नोंद चार ओळींची झाली आहे.

मांडवकर
‘द्राक्ष’ लिहिलं असतं तर एका शब्दात भागलं असतं.